झारची मुले

रशियाच्या बादशहाला 'झार' म्हणत. निकोलस दुसरा हा रशियाचा शेवटचा झार. तो १८९४ साली गादीवर बसला. त्याच्या राणीचे नाव अलेक्झांड्रा. त्यांना ओल्गा, तात्याना, मारिया व अनास्तासिया या चार मुली आणि अलेक्सी हा एकुलता एक मुलगा होता.

झारच्या राज्यात गोरगरिबांचे फार हाल होत. पहिल्या महायुद्धात लाखो रशियन सैनिक मारले गेले. शहरांत लोकांना भाकरी मिळेना. अखेर १९१७ साली जनतेने उठाव केला आणि झारला गादी सोडावी लागली. त्याच वर्षी सत्ता बोल्शेविक पक्षाच्या हाती गेली. राजकुटुंब कैदेत होते. पुढे त्यांना येकातेरिनबर्ग शहरातील एका घरात ठेवण्यात आले.

१७ जुलै १९१८ रोजी मध्यरात्रीनंतर पहारेकऱ्यांनी सर्वांना झोपेतून उठवले व तळघरात नेले. तेथे झार, राणी, पाच मुले, डॉक्टर आणि तीन नोकर अशा अकरा जणांना ठार मारण्यात आले. अलेक्सी तेव्हा अवघा १३ वर्षांचा होता. मृतदेह जंगलात गुपचूप पुरण्यात आले.

सरकारने मात्र अर्धेच सत्य सांगितले. झारला मारले, त्याची पत्नी व मुलगा सुरक्षित जागी आहेत, असे जाहीर केले. मग अफवांना ऊत आला. कोणी म्हणे, राजपुत्र वाचला. कोणी म्हणे, अनास्तासिया पळून गेली. अनेक तोतये पुढे आले.

त्यांत एक स्त्री फार गाजली. १९२० साली बर्लिनमध्ये तिला कालव्यातून वाचवण्यात आले. ती आपले नाव सांगेना. पुढे 'मी अनास्तासिया आहे' असा दावा तिने केला. ॲना अँडरसन या नावाने ती ओळखली जाई. झारच्या काही नातलगांनाही तिचे म्हणणे खरे वाटले. जर्मनीत खटला अनेक वर्षे चालला. पण १९७० पर्यंत तिचा दावा सिद्ध झाला नाही. १९८४ साली ती अमेरिकेत मरण पावली.

१९९१ साली येकातेरिनबर्गजवळची कबर उघडण्यात आली. तिच्यात नऊच सांगाडे निघाले! अलेक्सी आणि एक राजकन्या यांचे सांगाडे नव्हते. अफवांना पुन्हा जोर आला.

आता विज्ञान मदतीला आले. आईकडून मुलांना मिळणाऱ्या डीएनएवरून नाते ओळखता येते. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची आजी ही अलेक्झांड्राची सख्खी बहीण. म्हणून त्यांचे रक्त तपासले. ते राणीच्या व मुलींच्या हाडांशी जुळले. १९९४ साली ॲनाच्या डीएनएची तपासणी झाली. तिचे राजघराण्याशी नाते नव्हते. २००७ साली त्या कबरीजवळच उरलेल्या दोघांचे अवशेष सापडले. तपासणीनंतर खात्री पटली, की एकही मूल वाचले नव्हते.

झारच्या कारभारावर लोकांचा राग होता. पण मुलांनी कोणता गुन्हा केला होता? हा अन्याय लपवण्यासाठी एक असत्य सांगितले गेले. ते दूर व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

शब्दार्थ
उठाव – बंड
तोतया – दुसऱ्याचे नाव घेऊन फसवणारा
अवशेष – उरलेले भाग
ऊत येणे – फार वाढणे

स्वाध्याय
१. लोकांनी झारविरुद्ध उठाव का केला?
२. अफवा कशामुळे पसरल्या?
३. ॲनाचा दावा खोटा कसा ठरला?
४. 'खात्री पटणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.