बंड्याला नको, काकांना शिकवा

दिवाळीत घरातल्या कुत्र्या-मांजरांना कसं सांभाळायचं, असं दसरा झाला की कोणी ना कोणी मला विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. कुत्र्याला ऐनवेळी काही शिकवायला जाऊ नका, पाहुण्यांना शिकवा. त्यातही वयाने मोठ्या, मनाने प्रेमळ आणि हाताने सढळ असलेल्यांना आधी. फटाक्यांना आमचा बंड्या घाबरतो, नाही असं नाही. पण घाबरून पलंगाखाली जातो, एवढंच. त्याला थेट दवाखान्यात पोचवलं ते साताऱ्याच्या काकांच्या मायेने.

बंड्या हा गावठी कुत्रा. रंग तांबूस, वजन अठरा किलो, एक कान उभा, एक पडलेला. समोरच्याच्या हातात खाऊ दिसला की तो त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकतो आणि एक सुस्कारा सोडतो. हा सुस्कारा ऐकून विरघळला नाही असा माणूस आमच्या नात्यात नाही.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. सासूबाईंनी बेसनाचे लाडू ताटात रचून टीपॉयवर ठेवले होते. आमच्याकडे प्रत्येक लाडवाच्या डोक्यावर एकेक बेदाणा दाबलेला असतो. काका सोफ्यावर, समोर टीव्ही, गुडघ्यावर बंड्याची हनुवटी. मी पणत्यांत तेल घालता घालता विचारलं, "काका, त्याला देत नाही ना काही?"

"छे गं! बघतोय नुसता बिचारा."

पणत्या लावून परत आले तर बिचाऱ्याच्या मिशांना बेसन लागलेलं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुत्र्याचं वजन किती, खाऊन किती वेळ झाला आणि बेदाणे किती? तिसऱ्या प्रश्नावर घरात शांतता पसरली. एका लाडवाला एक बेदाणा, म्हणजे बेदाणे मोजायचे तर लाडू मोजायला हवेत आणि लाडू मोजायचे तर कोणी किती खाल्ले ते कबूल करायला हवं. सासूबाईंचा हिशेब पक्का. ताटात एकवीस रचले होते, सहा उरलेत. मुलांनी दोन-दोन, नवऱ्याने एक, शेजारचे दोघे येऊन गेले त्यांनी एकेक. राहिले आठ. काका म्हणाले, "मी कशाला खातोय? मला शुगर आहे." म्हणजे आठच्या आठ बंड्याच्या पोटात. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "अहो, खरं काय ते सांगा. मुक्या जिवाचा प्रश्न आहे."

काकांनी पंख्याकडे पाहिलं. "तीन," ते म्हणाले. "पण त्यातला एक फुटका होता."

म्हणजे बंड्याचे पाच. डॉक्टर म्हणाले, पाच तर पाच, घेऊन या.

आता यातलं गंभीर तेवढं सांगते. द्राक्षं, बेदाणे, मनुका हे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) किती खाल्ले की बाधतात याचा भरवसा नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल फिरतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशानेही बंद पडतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं अलीकडे मानलं जातं. आधी उलट्या, मग मलूलपणा, खाणं बंद आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी. ही लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या दोन तासांत उलटी करवता आली तर बराचसा धोका टळतो. ती डॉक्टरांनीच करवायची. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. एवढं मीठ पोटात गेलं तर तीच एक वेगळी विषबाधा होते.

बंड्याला इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात सासूबाईंची सकाळभराची मेहनत वर्तमानपत्रावर पिवळ्या ढिगाने आली. डॉक्टरांनी हातमोजा घालून चिमट्याने ढीग उलगडला. फुगून टपोरे झालेले बेदाणे एकेक करून बाजूला ठेवले. चार मिळाले, पाचवा काही सापडला नाही. त्या पाचव्यासाठी सलाईन लावलं, रक्त तपासलं, दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा मूत्रपिंडं ठीक निघाली. काका तेवढा सगळा वेळ बाहेरच्या बाकावर बंड्याचा पट्टा हाताला गुंडाळून बसले होते. घरी आल्यावर काकूंनी त्यांचंही बोट टोचून शुगर पाहिली. तो आकडा इथे देत नाही, तो त्यांचा घरगुती मामला.

या प्रकरणातून मी एक नियम केलाय. जनावराने काही खाल्लंय असं दिसलं की घरात कोणावर ओरडायचं नाही. ओरडलात की माणसं लपवतात. "मी नाही दिलं", "एवढासा तुकडा होता", "त्यानेच खाली पडलेला उचलला" हे सुरू होतं आणि डॉक्टरांना जो आकडा हवा असतो तो मिळत नाही. आधी आकडा काढा. वेष्टन असेल तर ते सोबत घ्या. भांडण परत आल्यावर.

दुसरं म्हणजे, "देऊ नका" असं नुसतं सांगून काही होत नाही. जेवणाऱ्याच्या ताटाकडे कोणी आशेने पाहत असताना त्याला न देता खाणं आपल्या माणसांच्या हाडात नाही. काका म्हणतात ते खोटंही नाही, "आमच्याकडं कुत्री भाकरी-कालवणावर म्हातारी होतात." भाकरीवर होतात काका, लाडवांवर नाही. म्हणून आता दिवाळीत आमच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर एक डबा असतो. वर मोठ्या अक्षरात 'बंड्याचा फराळ'. त्यात उकडलेल्या गाजराचे तुकडे आणि मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन. चतुर्थीला किंवा पूजेच्या दिवशी चिकन चालत नसेल तर उकडलेलं रताळं. येणाऱ्याने त्यातलं द्यावं, हवं तितके लाड करावेत. डबा सकाळी मोजून भरते, संपला की संपला. डबा आल्यापासून ताटातलं काही बंड्यापर्यंत गेलेलं नाही. ज्याला द्यायचंच आहे त्याच्या हाताला काम दिलं की झालं.

बाकी फराळाचं थोडक्यात. चिवड्यात बेदाणे असतात, वर तिखट-मीठ. चकली-कडबोळी नुसती तेलकट आहेत म्हणून निर्धोक, असं समजू नका. एकदम भरपूर तळकट पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते दुखणं वाईट. कांदा-लसूण दोघांनाही नको, मांजराला तर अजिबात नाही. कंपन्यांकडून भेट येणारे चॉकलेटचे डबे उंचावर ठेवा. चॉकलेट जितकं गडद तितकं घातक. मधुमेहींसाठी म्हणून येणाऱ्या बिनसाखरेच्या मिठायांवर 'झायलिटॉल' लिहिलंय का ते पाहा. माणसाला ते चालतं, कुत्र्याची मात्र रक्तातली साखर त्याने झपकन उतरते आणि यकृतालाही धोका होतो.

आता ठकू. ठकू मांजर आहे, तिला लाडवांत रस नाही. तिचा रस किल्ल्यात.

मुलांनी सोसायटीच्या आवारात राजगड केला होता. विटा रचून, वर पोती टाकून, गाळलेल्या लाल मातीचा लेप देऊन. उतारावर अळीव आणि मोहरी पेरली होती. महाराज आणि मावळे अजून खोक्यातच होते, हे नशीब. कारण सकाळी पाहिलं तर पद्मावती माचीवर मध्यभागी एक खड्डा, तो नीट बुजवलेला, आणि कडेने पंजांचे ठसे. मऊ, कोरडी, चाळलेली माती म्हणजे मांजराच्या लेखी खास तिच्यासाठी बांधलेलं शौचालय. मुलगा रडला, ठकूला गनीम ठरवण्यात आलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तातडीने डांबराच्या गोळ्या आणून दिल्या. "पेरा चारही बाजूंनी, फिरकणार नाही."

या गोळ्या अजिबात पेरू नका. त्या नेफ्थलीनच्या असतात, मांजराला विषारी असतात आणि वासाने ते दूर राहीलच याची खात्री नाही. गोळी पंजाला घासली की पंजा चाटला जातो. लहान मुलांच्या हातात त्या सापडतात ते वेगळंच. आम्ही केलं ते असं: रात्री किल्ल्यावर जुनी मच्छरदाणी टाकून कडेने विटांचं वजन ठेवलं आणि मोकळ्या माचीवर खडी पसरली. अळीव वर येईपर्यंत माती ओलसर ठेवली, कारण ओल्या मातीत पाय घालणं ठकूला शोभत नाही. शिवाय किल्ल्यापासून दूर, कुंड्यांमागे एका घमेल्यात तशीच चाळलेली माती ठेवली. तह झाला. पुढे ती सिंहासनामागच्या उतारावर ऊन खात बसायची, तेवढ्याला मुलांनी मुभा दिली.

मांजरांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि भेटवस्तूंच्या फिती त्यांना खेळायला आवडतात आणि त्या गिळल्या जातात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आत आतडी कापली जाऊ शकतात. तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. दुसरं, फुलांच्या गुच्छात लिली असेल तर तो घरात घेऊच नका. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपला झेंडू बरा. तिसरं, पणत्या जमिनीवर ओळीने मांडल्या तर मांजर त्यांच्यातून सफाईने चालतं, शेपूट मात्र मागे राहतं.

फटाक्यांवर फार लिहीत नाही, कारण त्यावर आपला ताबा कमी. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास आणि मांजराचा ६० हजारांच्याही वर. चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. आमच्या गल्लीत निकाल वाचलेले लोक कमी आणि सुतळी बॉम्ब वाजवणारे जास्त. आपण नरकचतुर्दशीला पहाटे माळ लावून गल्लीतल्या कुत्र्यांना पळवतो. नेपाळमध्ये त्याच दिवशी, तिहार या त्यांच्या सणात, कुत्र्यांना हार घालून, कपाळी टिळा लावून जेवू घालतात. शेजाऱ्यांना ऐकवायला हे उदाहरण बरं पडतं.

आपल्या हातात काय आहे? फिरवून आणायचं ते दिवेलागणीच्या आधी. आतल्या खोलीत, पलंगाखाली किंवा कपाटाच्या कोपऱ्यात त्याचं अंथरूण, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. तो लपला असेल तर बाहेर ओढायचं नाही. जवळ घेतलं तर आणखी भित्रा होतो, असं आमच्याकडे एक पाहुणा ठासून सांगतो. ते खरं नाही. भीती ही लाडाने वाढणारी खोड नव्हे, तो अंगाला चिकटून बसत असेल तर बसू द्या. फारच थरथरत असेल तर औषध मिळतं, पण ते डॉक्टरांना आधी भेटून, दसऱ्यालाच. आपल्या डब्यातली झोपेची गोळी अर्धी करून द्यायची नाही. आणि पॅरासिटामॉल मांजराच्या जवळपासही नको, एखादी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

खरा घोळ दारात होतो. पाहुणे येतात, "या, या", "चप्पल राहू द्या हो", "अगं किती वर्षांनी!" या गडबडीत दार सताड उघडं असतं आणि नेमकी तेव्हाच खाली दहा हजारांची माळ लागते. घाबरलेला कुत्रा ओळखीचा रस्ता सोडून धावतो आणि थांबतो तेव्हा त्याला स्वतःलाच कळत नाही आपण कुठे आलो. म्हणून दिवाळीभर गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर, घरातसुद्धा. आम्ही बैठकीच्या आणि आतल्या दारात मुलांचं जुनं, जिन्याला लावायचं फाटक बसवलंय. ते बंद करायची जबाबदारी भाच्याला दिली आहे, हातात शिट्टीसकट. मोठी माणसं लहान मुलाच्या शिट्टीला जितकी घाबरतात तितकी माझ्या सांगण्याला घाबरत नाहीत.

आणि एक राहिलं. पाडव्याच्या सकाळी रस्ते पाहा. अर्धवट जळालेले अनार, न फुटलेले लवंगी, दारूचे सांडलेले ढीग. कुत्री हे हुंगतात, चाटतात, चावून पाहतात. त्या दारूतली रसायनं पोटात जायला नकोत. त्या दिवशी पट्टा आखूड धरून फिरवा आणि घरी आल्यावर पंजे पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर ते चाटून साफ होतात. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, की फाटक काढून माळ्यावर टाकायची घाई आमच्या घरात सगळ्यांना होते. मी काढू देत नाही. अजून तुळशीचं लग्न बाकी असतं, मंगलाष्टकं संपली की आमच्या सोसायटीत माळ लागतेच, आणि त्या लग्नाला काका येणार असतात.