एकीपुरती नानकटाई

पहिलं ऐक. रात्री गोड खावंसं वाटलं म्हणून नाक्यावरून अर्ध्या किलोचा पुडा आणायचा नाही. पुडा घरात आला की तो संपेपर्यंत हात डब्यातून निघत नाही, आणि शेवटच्या मऊ पडलेल्या चार चहात बुडवून मलाच संपवाव्या लागतात. तुला हवी असते एक, मग करायचीही एकच. चाळीसेक मिनिटं लागतात, त्यातली बरीचशी नुसती वाट बघण्याची. तेवढा दम नसेल तर गूळ-शेंगदाणे खा आणि झोप.

तुझ्या आईला हे पटत नाही. एकीसाठी कोण गॅस जाळणार, म्हणते. तिचंही चूक नाही, कारण नानकटाई आपल्याकडे डब्यांनीच व्हायची. दिवाळीच्या आधी, नाहीतर मे महिन्यात पोरं घरी असताना, रवा-मैदा-साखर-तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि नंबर लावून बसायचं. बेकरीवाला मळून, भाजून द्यायचा आणि किलोमागे मजुरी घ्यायचा. आपलं साजूक तूप दुसरीच्या डब्यात गेलं, या संशयावरून बायकांची भांडणंही व्हायची. पण घरात भट्टी कुठून आणणार? आपण राहतो तो हा कॅम्प मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले. १९४९ साली राजगोपालाचारींनी उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव दिलं, पण नाव मिळालं म्हणून खोल्या मोठ्या झाल्या नाहीत. एका बराकीत पडदे नि फळ्या लावून कुटुंबं राहायची, चुलीपुरती जागा मिळाली तरी पुष्कळ. तळणं-शेकणं घरात आणि भाजणं बेकरीत, अशी वाटणीच होती.

बेकरीत नंबर लावून बसलेल्या बाईला एक गोष्ट मात्र फुकट शिकायला मिळायची. भट्टी रसरशीत असताना आत जायचा पाव. पाव निघाले, धग उतरली, की मग नानकटाईचे ट्रे. नानकटाईला कडक आच सोसत नाही. साखर लगेच करपते, तूप सुटून पसरतं आणि मधला मैदा कच्चा राहतो. घरी कढईत भाजतानाही हाच नियम, आणि निम्मं काम त्यानेच होतं.

आता माप. डझनभराच्या कृतीला बाराने भागत बसू नकोस, त्यात बेकिंग पावडरचा हिशेब हमखास बिघडतो. चहाचा सपाट चमचा धर. ४ चमचे मैदा, १ चमचा बेसन, २ चमचे पिठीसाखर, २ चमचे तूप. मिठाचे चार कण, वेलचीच्या दोन दाण्यांची पूड. बेकिंग पावडर सुरीच्या टोकावर राहील तेवढीच. डझनाला जास्तीची पावडर एखादे वेळी पचते, एकीला नाही. जरा वाढली की वर काळपट डाग आणि जिभेवर साबणाची चव. बेसन घालायचंच, खमंगपणा त्यातूनच येतो. रवा हवा तर मैद्यातला अर्धा चमचा कमी करून तेवढा बारीक रवा घाल, म्हणजे दाताखाली कण लागतात. मला रवा आवडतो, तुझ्या आजोबांना चालायचा नाही.

तूप थिजलेलं हवं, पातळ नको. इथं सगळे बाजी हरतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बरणीतलं तूप पाण्यासारखं होतं. तेव्हा दोन चमचे तूप वाटीत काढून, वाटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव, लोण्याइतकं घट्ट होऊ दे. मग त्यात पिठीसाखर घालून बोटांनीच फेट. एवढ्याशा ऐवजाला यंत्र लावलंस तर सगळं पात्यालाच चिकटून बसेल. पिवळं तूप पांढुरकं, हलकं झालं की थांब. त्यात हवा शिरलेली असते, नानकटाईचा खुसखुशीतपणा तिथून येतो. आता मैदा-बेसन, मीठ, वेलची आणि बेकिंग पावडर चाळून घाल आणि नुसतं गोळा कर. मळायचं नाही. गोळा होत नसेल तर तूप थेंबाथेंबाने वाढव, पण पाणी किंवा दूध लावू नकोस. पाणी लागलं आणि मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, मग नानकटाई तुटते खरी, पण विरघळत नाही.

गोळा लिंबाएवढा होतो. तळहातावर हलकेच दाबून मध्ये अंगठ्याने खळगा कर, कारण मधला भाग शिजायला वेळ घेतो. पिस्त्याचा काप असेल तर खळग्यात दाब. कडेला भेगा पडल्या तर पडू देत.

गोळा करायला घेण्याआधीच कढई तापत ठेवायची. जाड बुडाची ॲल्युमिनियमची चालेल, नॉनस्टिक कोरडी तापवू नकोस. आत स्टीलची रिंग किंवा जाळी, वर घट्ट झाकण, आच मंद ते मध्यम, दहा मिनिटं. बरेच जण खाली मीठ पसरतात, त्याने आच सारखी राहते. डझनभर भाजायच्या असतील तर मीच पसरते. पण एकीसाठी एवढं मीठ तापवत बसणं म्हणजे गॅस वाया. त्यापेक्षा लहान कढई घे. कुकर घेतलास तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून, याला सूट नाही. तूप लावलेल्या छोट्या स्टीलच्या ताटलीत नानकटाई ठेव, ताटली रिंगवर, झाकण लाव आणि आच अगदी मंद कर. पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. सारखं डोकावलीस की आतली धग जाते.

कढईत आच खालून लागते, त्यामुळे वरून बेकरीसारखा रंग येणार नाही. रंगाची वाट बघत राहिलीस तर खालून कोळसा. सुरीने कड उचलून बूड बघ. बूड बदामी झालं की बाहेर. त्या वेळी ती मऊच लागेल. कच्ची राहिली असं वाटून पुन्हा आत सारायची नाही. तूप गार होताना घट्ट धरतं, दहा मिनिटांत ती आपोआप कडक होते. गरम उचललीस तर हातात भुगा येईल.

तुमच्या मायक्रोवेव्हमधली कपातली नानकटाई मी खाऊन पाहिली आहे. गरम असताना केकसारखी, गार झाल्यावर दगड. त्यात रंग नाही, खमंगपणा नाही. एअर फ्रायर त्यापेक्षा बरा, १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं. फक्त आत नुसता हलका कागद घालू नकोस, पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला लागतो.

कढईचाही कंटाळा आला तर शेजारच्या सिंधी काकूंची मिठी लोली कर. त्यांच्या थदडीच्या सणाला चूल पेटवत नाहीत, म्हणून लोल्या आदल्या दिवशी करून ठेवतात. पाणी कमी आणि तूप भरपूर, म्हणून त्या शिळ्याही चांगल्या लागतात. एकीला मूठभर कणीक, तिला दोन चमचे तूप चोळ. चमचाभर गरम पाण्यात दोन चमचे गूळ विरघळवून त्यातच घट्ट गोळा बांध, आणि वेलची विसरू नकोस. तळहाताएवढी, पोळीच्या तिप्पट जाड थाप. मंद तव्यावर दोन्ही बाजू अर्ध्या शेकून सुरीने टोचे मार, कडेने तूप सोड आणि सावकाश होऊ दे. हिच्याही कडा फाटतात, काकू त्यालाच चांगली लोली म्हणतात. खरं सांगू, पावसाळ्यात मला नानकटाईपेक्षा हीच आवडते.

रोज मोजामाप नको असेल तर कोरडा मसाला करून ठेव. २ वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, १ वाटी पिठीसाखर चाळून कोरड्या बरणीत. लागेल तेव्हा सात चमचे काढून दोन चमचे घट्ट तूप चोळायचं. यात तूप-साखर फेटण्याची पायरी जाते, तेव्हा नानकटाई थोडी कमी ठिसूळ होते, पण थकून आल्यावर तेवढं चालतं. बेकिंग पावडर त्यात आधी मिसळू नकोस. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत तिचा जोर बरणीतच मरतो. जुनी असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघ, फसफसली तर वापर, नाहीतर फेकून दे. बेसन फार दिवस ठेवलं की खवट होतं, म्हणून बरणी महिन्याभरात संपव. आणि ती वरच्या फळीवर ठेव, माझ्या हाताला लागेल अशी नको. मला साखर बंद आहे, आणि मी रात्री उठते.