हॉरर आणि हर्ष

शनिवारी रात्री हॉस्टेलवर पिक्चर लावायचा म्हटलं की पहिली फर्माईश हॉररची! पण मित्रांनो, हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये 'होर्रेरे' असं क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ भीती नव्हे, तर केस ताठ उभे राहणे, शहारणे. तिथून फ्रेंचमार्गे १४व्या शतकात 'हॉरर' इंग्रजीत आला. 'हॉरिड' त्याचाच भाऊ. १६व्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ खरखरीत, काटेरी असाही होता.

खरी गंमत पुढेच आहे. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन शब्दाचं नातं संस्कृत 'हृष्' धातूशी जोडतात. म्हणजे हॉरर आणि हर्ष चक्क सख्खे चुलत! पटत नसेल तर गीता उघडा. पहिल्या अध्यायात समोर आप्त बघून अर्जुनाला 'रोमहर्ष' होतो, तो दुःखाने. अकराव्यात विश्वरूप बघून तोच 'हृष्टरोमा' होतो, तो विस्मयाने. केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. अॅड्रेनलिन सुटलं की तो आकसतो आणि केस उभा राहतो. समोर भूत आहे की बक्षीस, त्याला काय पत्ता!

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'हॉरर' जवळचा आणि 'रोमहर्षक' परीक्षेपुरता. पण या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नेमका पकडतो तो आपला साधा मराठी 'अंगावर काटा'. तोही स्मशानात येतो, तसाच फायनलच्या शेवटच्या ओव्हरलाही. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर येतो तो कुठला, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं.