स्क्रोल नको, चॉप बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. पंधराशे डॉलर बाजूला काढलेस, तीन मॅन्डोलिनींचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, ‘ताई, आता तूच सांग.’ सांगते. पण आधी जरा शांत हो बघू. त्या स्वस्तातल्या मॅन्डोलिनवर इतके दिवस बोटं झिजवून तू शनिवारच्या जॅममध्ये मागच्या खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर आलीस. जिला ते जमलं, तिला दुकानातून एक वाद्य निवडून आणणं जड जाणार नाही.

खरं सांगू का, नवीन घ्यायच्या आधी आहे त्या मॅन्डोलिनचा सेटअप करून घे. शंभर-सव्वाशे डॉलर जातील, जाऊ देत. स्वस्त वाद्यं कारखान्यातून निघतात तेव्हा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल नसतात, घोडी पोटावर नीट टेकलेली नसते आणि तारा पडद्यांपासून उंच राहतात. पहिल्या पडद्यावर तार दाबतानाच मनगट भरून येतं आणि आपण समजतो, आपल्याच बोटांत जोर नाही. तुझ्या बोटांना काही झालेलं नाही गं. मॅन्डोलिनची माहिती असलेल्या एखाद्या चांगल्या कारागिराकडून ते काम करून घे आणि दोन आठवडे वाजव. त्यानंतरही बॅन्जो सुरू झाला की तुझा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नसेल, तर नवी घे. शिवाय तारा किती उंचीवर असल्या की तुझ्या हाताला बरं वाटतं, हे तुला तोवर कळलेलं असेल. दुकानात ते फार उपयोगी पडतं.

आता मुद्द्याचं. तुला मॅन्डोलिन कशासाठी हवी आहे? ब्लूग्रास संगीतासाठी. मग बाकी सगळं बाजूला ठेव आणि चॉप कसा निघतो ते बघ. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर चालतो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मॅन्डोलिनचा तो कोरडा, तुटक फटका येतो. सगळ्या मंडळींची लय त्यावर उभी असते. डावा हात तारा दाबतो, उजवा झटक्यात मारतो आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल होते, पण बोटं तारांवरून उठत नाहीत. त्यामुळे आवाज जागच्या जागी थांबतो. आपल्यासारख्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ बघत वाढलेल्या मुलींच्या कानात मॅन्डोलिन म्हणजे मोहरीच्या शेतातली ती लाडिक थरथर. ती थरथर, म्हणजे ट्रेमोलो, इथल्या संथ गाण्यांतही लागते. पण जॅममध्ये दहा मिनिटांतली नऊ मिनिटं तू चॉपच करत असतेस ना? मग तो ज्या वाद्यातून चांगला निघतो ते घे.

म्हणूनच तुझ्या आवडत्या त्या अंडाकृती भोकाच्या जुन्या मॅन्डोलिनचा विचार सोड. तिचा आवाज गोड असतो, आस लांब असते, आयरिश गतींना आणि घरी एकटीने वाजवायला ती झकास. पण चॉपला लांबलेली आस आड येते. व्हायोलिनला असतात तशी दोन एफ-भोकं असलेली मॅन्डोलिन घे. तिचा आवाज पुढे फेकला जातो आणि पटकन कापलाही जातो.

आता तो स्क्रोल. माहीत आहे मला, तुझा जीव मॅन्डोलिनच्या खांद्यावरच्या त्या वळणदार गुंडाळीत अडकलाय. माझाही अडकला होता. मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा आवाज ऐकायच्या आधी आरशात स्वतःला बघत होते, गळ्यात कशी दिसते म्हणून! पण हे वेड आलं कुठून, ते ऐक. केंटकीच्या बिल मन्रोने १९४०च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात गिब्सनची स्क्रोलवाली एफ-५ मॅन्डोलिन पाहिली आणि दीडशे डॉलरला घेतली. तिच्या आतल्या लेबलवर गिब्सनच्या लॉइड लोअर यांची सही होती, तारीख ९ जुलै १९२३. मन्रो आणि त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमुळे या संगीताला नाव मिळालं आणि ब्लूग्रासची मॅन्डोलिन म्हटली की स्क्रोलवालीच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. लोअर यांनी सही केलेल्या एफ-५ आज लाख डॉलरच्या वर जातात. आपण त्या काचेआड बघायच्या.

पण बघ, त्या मॅन्डोलिनचा आवाज स्क्रोलमधून येत नव्हता. तो येत होता कोरून घडवलेल्या स्प्रूसच्या पोटातून, मेपलच्या पाठीतून, एफ-भोकांमधून आणि पोटाच्या आतल्या दोन लांब पट्ट्यांमधून. हे सगळं ए-स्टाइलमध्ये, म्हणजे साध्या थेंबाच्या आकाराच्या मॅन्डोलिनमध्येही मिळतं. खुद्द लोअर यांची सही असलेली १९२३ची एक ए-५ही आहे. स्क्रोल म्हणजे पैठणीवरचा मोर, दिसायला देखणा, उबेशी संबंध नाही. तो कोरायला, त्याच्या कडांना पट्टी लावायला कारागिराचे तासन्‌तास जातात आणि ते पैसे तू भरतेस. एकाच कंपनीच्या सारख्या दर्जाच्या ए आणि एफमध्ये शेकडो डॉलरचा फरक पडतो. एफचा एक फायदा मात्र मान्य करते: खालचं टोक मांडीवर टेकतं, त्यामुळे बसून वाजवताना ती घसरत नाही. ते काम वीस डॉलरचा पट्टाही करतो.

म्हणजे तुझ्या तीन फोटोंपैकी ती चमचमती, स्क्रोलवाली ईस्टमन एमडी-३१५ बाद. वाईट नाहीये ती, पण साधारण तेवढ्याच पैशांत त्याच घरातली वरच्या दर्जाची ए-स्टाइल मिळते. ईस्टमनचे आकडे वाचायला शिक, सोपं आहे. पहिला आकडा दर्जाचा: तीनपेक्षा पाच वरचा, पाचपेक्षा आठ. शेवटचे दोन आकाराचे: ०५ म्हणजे ए-स्टाइल आणि एफ-भोकं, १५ म्हणजे एफ-स्टाइल आणि एफ-भोकं, शेवटी ४ दिसला, ०४ किंवा १४, की भोक अंडाकृती. तेव्हा तुझ्यासाठी एमडी-५०५, आणि तिच्या शेजारी तू पाठवलेली केंटकी ब्रँडची केएम-९००. दोन्ही चीनमध्ये बनतात. त्याने नाक मुरडू नकोस. पोट-पाठ सबंध लाकडाची, कोरून घडवलेली, आणि या किमतीत अशी कोरीव, अमेरिकन बनावटीची नवी मॅन्डोलिन शोधायला गेलीस तर हात हलवत परत येशील. टेक्सासमधल्या ऑस्टिनची कॉलिंग्ज एमटी सुंदर आहे, पण नवी तीन हजारांच्या वर जाते. जुनी, नीट सांभाळलेली मिळाली आणि नवऱ्याशी बोलणं झालेलं असलं, तर मग बघू.

या दोघींतली कुठली, ते मी सांगणार नाही, कारण ते तुझ्या हातानेच ठरवायचं आहे. एकाच मॉडेलच्या दोन मॅन्डोलिनीसुद्धा सारख्या वाजत नाहीत. नटची रुंदी विचार: काहींची १ १/८ इंच असते, काहींची १ ३/१६. वाचताना फरक चिमूटभर, पण डाव्या हाताला पहिल्याच गाण्यात कळतो. पडद्यांची पट्टी सपाट आहे की किंचित गोलाई दिलेली, तेही बोट फिरवून बघ. मला गोलाई बरी वाटते.

आणि हाताचं म्हणालीस ना, ‘माझी बोटं आखूड आहेत’? जी-चा तो मोठा चॉप कॉर्ड, जाड तारेपासून सातवा, पाचवा, दुसरा आणि तिसरा पडदा, सगळ्यांनाच सुरुवातीला रडवतो. करंगळी पोचत नसेल तर सातवा सोडून दे आणि उरलेल्या तीन जोड्यांवर चॉप मार, कुणाला कळणारही नाही. सिएरा हल बघ, टेनेसीची पोरगी, लहानपणापासून वाजवते. २०१६ साली आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम मॅन्डोलिनवादकाचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचे हात काही पैलवानाचे नाहीत.

दुकानात जाताना स्वतःचं पिक ने, जाडसर, १.४ मिलिमीटरच्या आसपासचं. दुकानातल्या पातळ पिकने कुठलीही मॅन्डोलिन किरकिरी वाटते. मग लाजू नकोस, वेळ घे. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून वाजव, मग तिथेच दाबून वाजव. दोन्ही सूर जुळायला हवेत. नाही जुळले तर घोडी सरकलेली असेल. ती चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते, त्यामुळे दुकानदार पाच मिनिटांत ठीक करतो. घोडीच्या पायाखाली कागदाचा कपटा सरकवून बघ. आत गेला तर ती पोटावर नीट बसलेली नाही आणि अर्धा आवाज तिथेच अडतो. पातळ तारेवर एकेक पडदा दाबत वर जा, कुठे झणझणतं का ऐक. खुंट्या सहज फिरतात का बघ. फोनचा दिवा लावून भोकातून आत डोकाव. नंतर तीच मॅन्डोलिन दुकानदाराच्या हातात दे, त्याला चॉप मारायला सांग आणि तू समोर पाच पावलांवर उभी राहा. वाजवणारीला मॅन्डोलिनचा आवाज कधीच पुरता ऐकू येत नाही, तो पुढे जातो. आणि ‘वाजवत राहा, वर्षभरात आवाज खुलेल’ असं कुणी म्हणालं तर हसून मान डोलाव. खुलतो थोडा, खोटं नाही. पण आज जो आवाज ऐकू येतो, पैसे त्याचेच दे.

जवळ असं दुकान नसेल तर लांबून मागवावी लागेल. मिशिगनमधल्या लान्सिंगचं एल्डरली इन्स्ट्रुमेंट्स हे १९७२ पासूनचं दुकान हेच काम करतं. कुठूनही घे, पण पाठवायच्या आधी सेटअप करून देणार का आणि नाही आवडली तर किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने परत घेणार, हे लेखी विचारून घे. आपल्याला असं विचारायचा संकोच वाटतो. वाटू देऊ नकोस, तिकडच्यांना रोजचीच सवय असते.

पंधराशेच्या पंधराशे वाद्यात घालू नकोस बरं. तेराशेपर्यंत थांब. कडक पेटी सोबत येत नसेल तर ती, एक सेटअप आणि ११-४० जाडीच्या फॉस्फर ब्राँझ तारांचे दोन-तीन संच, यांत उरलेले पैसे कुठे जातात कळत नाही. तारा बदलताना मात्र एकेक करून बदल. मी उत्साहाने आठही एकदम काढल्या आणि घोडी टणकन सोफ्याखाली गेली! हिवाळ्यात हीटर लागला की घरची हवा कोरडी पडते आणि सबंध लाकडाला तडा जातो. तुझी आत्ताची प्लायवूडची आहे, तिने निमूट सोसलं. नवी सोसणार नाही. तेव्हा पेटीत ओलावा राखणारं छोटं पाकीट ठेव आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहते ना, बघत जा. भिंतीवर टांगून दिवाणखाना सजवायचा बेत असेल तर तो रद्द.

जुनी विकू नकोस एवढ्यात. पन्नास-साठ डॉलरसाठी कशाला? सहलीला, पावसात, मुलांच्या हातात द्यायला ती लागतेच.

तर आता कारागिराची वेळ ठरव, मग ५०५ आणि ९०० दोन्ही हातात घेऊन बघ. आणि अगं, क्रेडिट कार्ड काढायच्या आधी दुकानातूनच मला फोन लाव, म्हणजे चॉप मलाही ऐकता येईल.