बिट घ्यावे कोणते?

आमच्या शेजारी सुतारकाम करणारे एक घर आहे. त्या घरचा मुलगा आर्णीत एका ठेकेदाराकडे कामाला जातो. दारे-खिडक्या बसवणे, छपराला टिना लावणे, ही त्याची कामे. गेल्या उन्हाळ्यात त्याने स्क्रू पिळण्याचे बॅटरीचे मशीन घेतले. वायर नको, लाईट गेली तरी काम थांबत नाही. पैसे मात्र उसने आणले होते.

एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. तोंड उतरलेले. आम्ही विचारले, "काय झालं रे बापू?"

"गुरुजी, आजची मजुरी कापली. बिट घसरलं अन् सागाच्या नव्या दाराला ओरखडा पडला. आठ दिवसांत हे तिसरं बिट."

बिट म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायचे पोलादी टोक. मशीन फिरते, बिट फिरते, बिटाबरोबर स्क्रू फिरतो. त्याने खिशातले बिट आमच्या हातावर ठेवले. टोकाच्या चारही धारा गोल झाल्या होत्या.

"काहून झिजते हे एवढ्या लवकर?" तो म्हणाला. "दुकानदारानं हलका माल दिला."

आम्हांलाही आधी तसेच वाटले. आम्ही जन्मभर मास्तरकी केली, सुतारकी नाही. पण शाळेची बाके दुरुस्त करून घेता घेता चार गोष्टी कानावर पडल्या होत्या. आम्ही त्याच्याकडून एक नवा स्क्रू मागितला आणि चष्मा लावून पाहिला. स्क्रूच्या डोक्यात अधिक चिन्हासारखी खाच होती. त्या खाचेच्या चार हातांच्या मधे आणखी चार बारीक रेघा होत्या. बिटाच्या टोकाला तसे काहीच नव्हते. स्क्रू एका जातीचा, बिट दुसऱ्या जातीचे! मग ते घसरणार नाही तर काय?

या दोन जाती नीट ओळखल्या पाहिजेत. पहिली फिलिप्स. अमेरिकेतले हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली तिचे पेटंट घेतले. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाची होती. त्याआधी बहुतेक स्क्रूंना एकच सरळ खाच असे. मशीनने पिळताना त्या खाचेतून टोक बाजूला निसटे. अधिक चिन्हाच्या खाचेत टोक आपोआप मधोमध बसते. पण फिलिप्सच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात. जोर वाढला की बिट वर उचलले जाते. म्हणून मागून दाब लागतो. दुसरी जात पोझिड्राइव्ह. ती पुढे निघाली. तिच्या बाजू जवळजवळ सरळ असतात, म्हणून ती घट्ट धरते. मधल्या चार बारीक रेघा ही तिची खूण.

आता वाचनाचा उपयोग पहा. बिटाच्या दांड्यावर बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. तीनच अक्षरे शिकायची आहेत. पहिले 'पी'. एक उभी दांडी आणि तिच्या वरच्या अंगाला उजवीकडे अर्धा गोल. दुसरे 'एच'. दोन उभ्या दांड्या आणि मधे एक आडवी, शिडीच्या एका पायरीसारखी. तिसरे 'झेड'. वर आडवी रेघ, खाली आडवी रेघ, मधून तिरपी. 'पी एच' दिसले तर ते फिलिप्स. 'पी झेड' दिसले तर पोझिड्राइव्ह. घरी शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून ही अक्षरे पाटीवर काढून घ्या. पोराला गुरुजी व्हायला फार आवडते.

अक्षरांपुढे अंक असतो. १ म्हणजे बारीक स्क्रूचे, २ म्हणजे मधले, ३ म्हणजे जाडे. दारे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे यांना बहुतेक २ नंबरच लागतो. म्हणून दहा तऱ्हेची बिटे असलेली चकचकीत पेटी घेण्यापेक्षा २ नंबरची चांगली दोन-तीन सुटी घ्यावी, असे आमचे मत आहे. पेटीतली निम्मी तशीच गंजतात.

दुकानात जाताना आपला स्क्रू बरोबर न्या. त्याच्या खाचेत बिट घाला आणि हलवून पहा. डगमगले तर परत द्या. पुष्कळ बिटांना लोहचुंबक असते, त्यामुळे स्क्रू नुसता चिकटलेला दिसला म्हणून फसू नका. हलवूनच पहा.

आता पोलादाची गोष्ट. लोहार विळ्याला पाणी देतो ते आपण पाहिले आहे. पाणी जास्त झाले तर धार कडक होते आणि तुकडा उडतो. कमी झाले तर धार वळते. बिटाचेही तसेच. नुसते कडक असून भागत नाही, झटका सोसला पाहिजे. चांगल्या बिटावर पुष्कळदा 'एस' अक्षर आणि २ अंक कोरलेला असतो. ते झटका सोसणारे पोलाद आहे. मात्र अक्षरे कोरायला कोणालाही येतात. म्हणून आधी एकच बिट घ्या, आठ दिवस वापरा, मग आणखी घ्या. सोनेरी रंगाला भुलू नका. चांगल्या बिटावरचा सोनेरी थर टोकाची झीज कमी करतो हे खरे, पण नुसता रंग पाहून पोलाद कळत नाही.

झिजलेले बिट सहाणेच्या मशीनवर घासून धार काढू नये. तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि ते मऊ होते.

काही मशीन नुसते फिरत नाही, फिरता फिरता ठोके मारते. त्याला इम्पॅक्ट म्हणतात. ते मिनिटाला तीन हजारांच्या वर ठोके देते. त्याला साधे बिट लावले तर काडीसारखे मोडते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. इम्पॅक्टसाठी निराळे बिट मिळते. पुष्कळदा त्याची कंबर बारीक असते. ठोका बसला की ती कंबर किंचित पिळते आणि टोक वाचते. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

टिनेच्या छपराला तर हे बिट चालतच नाही. त्या स्क्रूचे डोके सहा कोनांचे असते. त्यावर टोपीसारखा पाना बसवायचा. साडेपाच मिलिमीटरच्या स्क्रूला ८ चा पाना लागतो. पान्यातल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. तो पुसला नाही तर डोके आत पुरते बसत नाही, आणि मग उंचावर उभा असलेला माणूस तोल सावरत बसतो.

हे सगळे त्या मुलाला त्याच ओट्यावर सांगितले. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सागात स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडून घ्यावे आणि स्क्रूला थोडे मेण लावावे. मग मशीनला जोर कमी पडतो. मशीनच्या गळ्यात आकड्यांचे कडे असते. ते आधी लहान आकड्यावर ठेवावे, स्क्रू पुरता जात नसेल तरच वाढवावे. आणि मशीन स्क्रूच्या सरळ रेषेत धरून मागून दाबावे.

दुसऱ्या दिवशी त्याने 'पी झेड' २ ची दोन बिटे आणली. पण दारातला तो बिघडलेला स्क्रू काढायचा राहिला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा त्याच्या डोक्यावर ठेवला. वरून हाताचा पेचकस जोराने दाबला आणि हळूहळू उलटा फिरवला. तिसऱ्या खेपेला स्क्रू सुटला. ओरखडा काही गेला नाही. तो त्याने घासून, पॉलिश लावून झाकला, आणि कापलेल्या मजुरीविषयी ठेकेदाराशी बोलायला गेला. निम्मी परत मिळाली.