खांद्याला खांदा : निवृत्त पुरुषांचे एकटेपण आणि ऑस्ट्रेलियातील ‘मेन्स शेड’

शास्त्रभाग : नहेम्या ३:१-१२, योहान २१:१-१७, प्रेषितांची कृत्ये १८:१-३

पाठाचा उद्देश : कामधंद्यातून मोकळ्या झालेल्या पुरुषांना संगत व उपयुक्त काम यांची गरज का असते, हे एका परदेशी चळवळीच्या उदाहरणावरून समजून घेणे, आणि आपल्या मंडळीतील अशा बांधवांकडे नव्याने पाहणे.



आपल्या मंडळीचे आठवड्याचे वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. रविवारी सकाळी मुलांसाठी संडेस्कूल, आठवड्यात एक दिवस महिला मंडळ, शनिवारी तरुण संघ. मग साठी ओलांडलेल्या पुरुषासाठी काय आहे? तो उपासनेला येतो, ठरलेल्या बाकावर बसतो, दारात दोघातिघांशी हस्तांदोलन करतो आणि घरी जातो. पुढच्या रविवारपर्यंत त्याची कोणाशी गाठ पडली की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याला विचारले तर “बरे आहे, देवाची कृपा” एवढेच उत्तर येते. ते उत्तर कधी खरे असते, कधी नसते.

हा विषय लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत शंभरात सुमारे ७२ पुरुष होते. ते सर्व वयांचे होते, आणि प्रत्येकाचे कारण एकटेपण होते असे नाही. परंतु दुःख बोलून न दाखवण्याची पुरुषांची सवय किती महाग पडते, याचा विचार करायला हा आकडा पुरेसा आहे. ऑस्ट्रेलियातही आत्महत्या करणाऱ्या चौघांपैकी सुमारे तिघे पुरुष असतात. त्या देशात या दुखण्यावर एक साधा उपाय निघाला. त्याची ओळख आपण करून घेऊ.

१. शेड म्हणजे काय?

शेड हा शब्द आपल्याला परका नाही. पत्र्याची शेड, रेल्वेची लोको शेड आपण पाहिलेली आहे. ऑस्ट्रेलियात या शब्दाला घरगुती अर्थही आहे. तेथील घराच्या मागे परसात लाकडाची किंवा पत्र्याची लहानशी खोली असते. घरधनी तेथे आपली हत्यारे, रंगाचे डबे, मोडके सामान ठेवतो आणि सुटीच्या दिवशी काहीबाही दुरुस्त करीत बसतो. म्हातारपणी मोठे घर विकून लहान फ्लॅटमध्ये किंवा वृद्धांच्या वसाहतीत जावे लागते, तेव्हा ही शेड सुटते. नोकरी आधीच संपलेली असते. कधी याच सुमारास पत्नीचाही वियोग होतो. सकाळी उठून जायला ठिकाण नाही आणि हाताला काम नाही, अशी त्या माणसाची अवस्था होते.

‘मेन्स शेड’ म्हणजे अशा पुरुषांसाठी सर्वांनी मिळून चालवलेली शेड. एखादी जुनी गोदामवजा इमारत किंवा चर्चच्या आवारातील रिकामी जागा घ्यायची. तेथे लांब बाके, करवती, रंधे, पटाश्या, शिकंजे, ड्रिल, लेथ अशी साधने मांडायची. आठवड्यातून काही दिवस दार उघडे ठेवायचे. ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, जमेल तेवढे काम करावे. घाई नाही, हजेरी नाही, नफा नाही. एका कोपऱ्यात चहाची किटली असतेच. कित्येक सभासद रंध्याला हातही न लावता फक्त चहाला येतात, आणि त्यांनाही कोणी हटकत नाही.

२. ही चळवळ कशी उभी राहिली?

१९९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील गूल्वा या गावी वयस्कर पुरुषांसाठी अशी एक शेड सुरू झाली. तिच्यामागे मॅक्सिन चेझलिंग या बाई होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वृद्धांसाठी चालणाऱ्या कार्यक्रमांत स्त्रिया रमतात, पुरुष मात्र रमत नाहीत, हे त्यांच्या नजरेस आले होते. पुढे २६ जुलै १९९८ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला येथे ‘मेन्स शेड’ हे नाव लावलेली शेड उघडली. तिला डिक मॅकगोवन यांचे नाव देण्यात आले होते.

त्याच वर्षी सिडनी शहराच्या लेन कोव्ह भागात आणखी एक शेड उभी राहिली. तिला आधार होता ‘युनायटिंग चर्च’च्या सेवाकार्याचा. हे चर्च १९७७ साली मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या ऐक्यातून निर्माण झाले. आपल्याकडे १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीचे (सीएनआय) ऐक्य घडले, त्याच जातीचे ते कार्य. म्हणजे या चळवळीच्या पाळण्याला ज्यांचे हात लागले त्यांत ख्रिस्ती मंडळीचाही हात होता. मात्र शेडचे दार तिने कोणत्याही धर्माच्या अटीवर उघडले नाही.

२००७ साली या शेडची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०१० च्या राष्ट्रीय पुरुष-आरोग्य धोरणात ऑस्ट्रेलियन सरकारने त्यांची दखल घेऊन साहाय्य दिले. आयर्लंडमध्ये २०११ साली, तर ब्रिटनमध्ये २०१३ साली अशाच संघटना झाल्या. न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिकेतही शेड पोहोचल्या. आज एकट्या ऑस्ट्रेलियात एक हजाराहून अधिक शेड आहेत.

३. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी

या शेडचे मर्म काय? पुष्कळ पुरुषांना समोरासमोर खुर्च्या मांडून “तुमचे मन मोकळे करा” असे सांगितले, तर त्यांचे तोंड उलट मिटते. पण तोच माणूस दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून एकाच फळीला रंधा मारीत असला, नजर कामावर असली, तर मधेच सहज म्हणतो, “डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावले आहे.” शेजारचा मानही वर करीत नाही. तो म्हणतो, “मलाही गेल्या वर्षी बोलावले होते.” एवढ्यावर दोघांचे ओझे हलके होते. खांद्याला खांदा हेच या चळवळीचे ब्रीद आहे, आणि ते आपल्या भाषेत आधीपासूनच आहे.

बॅरी गोल्डिंग या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी अनेक वर्षे या शेडचा अभ्यास केला. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. शेडमध्ये आलेल्या माणसाला कोणी रुग्ण, विद्यार्थी किंवा गिऱ्हाईक समजत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तो ‘लाभार्थी’ नसतो, तो भागीदार असतो. त्याला काहीतरी येते, आणि जे येते त्याची कोणाला तरी गरज आहे. पुरुषाला दयेपेक्षा ही जाणीव अधिक उभारी देते.

आता शास्त्राकडे वळू. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेच्या तटाची दुरुस्ती करणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. आपण ती बहुधा चाळून पुढे जातो. पण एकाच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असा तिचा क्रम पाहा. त्यात मुख्य याजक आहे, सोनार आहे, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, आपल्या मुलींसह काम करणारा शल्लूम आहे. यांतले कितीजण मुळात गवंडी होते? तरीही तट उभा राहिला, आणि तुटलेली माणसेही परत जोडली गेली.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पेत्राची गोष्ट आहे. त्याने तीनदा प्रभूला नाकारले होते, आणि ते दुःख त्याच्या मनात असणारच. तो मासे धरायला निघतो तेव्हा सोबती त्याला उपदेश करीत नाहीत, त्याच्याबरोबर होडीत चढतात. पहाटे किनाऱ्यावर प्रभूने विस्तव पेटवून भाकर व मासळी तयार ठेवलेली असते. आधी काम, मग न्याहारी, आणि त्यानंतर तो नाजूक प्रश्न. हा क्रम आपण विसरू नये. पौल आणि अक्विल्ला हेदेखील एकाच धंद्याचे म्हणून एकत्र आले. तंबू शिवता शिवता त्यांची सोबत जमली.

४. आरोग्याला काय लाभ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, जगातील सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंचा संबंध त्याच्याशी जोडता येतो. म्हणजे एकटेपणा हा नुसता मनाचा हळवेपणा नव्हे.

शेडमुळे माणसाला सकाळी दाढी करून घराबाहेर पडण्याचे कारण मिळते. हातापायांची हालचाल होते. एखादा सभासद दोनदा आला नाही तर कोणीतरी चौकशीला जातो. कित्येक शेडमध्ये परिचारिका येऊन रक्तदाब व साखर तपासतात. दवाखान्याची पायरी टाळणारा माणूस तेथे मित्रांच्या चेष्टेमस्करीत बाही वर करतो. आयर्लंडच्या संघटनेने शेडमध्येच चालणारा दहा आठवड्यांचा आरोग्यवर्ग बसवला आहे. आणखी एक लाभ घरातल्या माणसांचा. नवरा दिवसभर घरात बसून राहिला की दोघांचीही चिडचिड वाढते. तो दोन तास कामाला गेला की घरही निवांत होते.

५. गावाला काय मिळते?

शेडमधून बालवाड्यांसाठी लाकडी खेळणी, बागांसाठी बाके, पक्ष्यांची घरटी, दुरुस्त केलेल्या सायकली व खुर्च्या बाहेर पडतात. एकट्या विधवेच्या घरचा मोडका कठडा नीट करून दिला जातो. शाळेतील मुलांना जुने कारागीर हत्यार धरायला शिकवतात. अशा रीतीने जो गावावर भार होईल असे वाटत होते, तोच गावाच्या उपयोगी पडतो.

६. काही सावधगिरीच्या गोष्टी

ही चळवळ रामबाण उपाय आहे असे समजू नये. सभासद आपल्याला बरे वाटते असे सांगतात, आणि ते महत्त्वाचे आहे. परंतु शेडमुळे अमुक रोग कमी झाला असा पक्का पुरावा अजून थोडाच आहे. जो सर्वांत अधिक एकटा आहे तो आपणहून दारात येत नाही, त्याला कोणीतरी हात धरून आणावे लागते. यंत्रांपाशी बोट कापण्याचा, डोळ्यात ठिणगी जाण्याचा धोका असतो, म्हणून शिकवण, चष्मा व देखरेख लागते. विम्याची सोयही करावी लागते. आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत त्याला चहा व रंधा पुरेसा नाही, त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. आपल्या सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा अशा वेळी उपयोगी पडते. ती २०२२ सालापासून चालू आहे.

७. आपण काय शिकावे?

“आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, पार आहे, कट्टा आहे, आपल्याला याची गरज नाही,” असे कोणी म्हणेल. पण मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात गेली आहेत. भरल्या घरातही माणूस मुका होतो. आणि कट्ट्यावर बसणे व हाताला काम असणे यांत अंतर आहे. काम नसलेल्या संध्याकाळची वाट पुष्कळदा गुत्त्याकडे जाते, हे आपण जाणतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ऑस्ट्रेलियात निवृत्त बँक मॅनेजरने हाती करवत घेतली तर कोणाला नवल वाटत नाही. आपल्या देशात हत्याराला जात चिकटलेली आहे. दोन पिढ्या शिकलो, कारकून झालो, शिक्षक झालो, म्हणून आजोबांच्या हातची कला आपण लपवू लागलो. नहेम्याच्या त्याच अध्यायात तकोवा येथील श्रीमंतांनी कामाला मान वाकवली नाही, अशी नोंद आहे. तिकडे नासरेथचे लोक आपल्या प्रभूला सुतार म्हणून ओळखत होते (मार्क ६:३). आपण कोणाच्या पंगतीत बसणार?

मोठी इमारत व यंत्रे यांची वाट पाहण्याचे कारण नाही. चर्चमधील डुगडुगणारी बाके, फाटलेली गीतपुस्तके, संडेस्कूलची मोडकी फळी, कबरस्तानाचे गंजलेले फाटक यांपासून आरंभ करता येईल. रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, शिवणकाम जाणणारे काका, हिशेबात पक्के असलेले मास्तर, अशा चौघांना एक ठरलेली सकाळ द्या. चहा करा, आणि उपदेशाची घाई करू नका. शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या धर्माचा गृहस्थ आला तर त्यालाही हातोडा द्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत साठीपुढील किती पुरुष आहेत? त्यांपैकी गेल्या महिन्यात कोणाकोणाच्या घरी आपण गेलो?

२. नहेम्या ३ मधील कोणकोणत्या व्यवसायांचे लोक तटाच्या कामाला लागले? त्यांत आपल्याला कोणती जागा शोभेल?

३. किनाऱ्यावर प्रभूने पेत्राला आधी जेवू घातले व मग प्रश्न विचारला. दुःखी माणसाशी वागताना या क्रमाचा काय उपयोग होईल?

४. हाताच्या कामाला आपण मनातून कमी लेखतो काय? का?

संडेस्कूल शिक्षकांसाठी : मोठ्या वर्गातील प्रत्येक मुलाने या आठवड्यात एका आजोबांना भेटावे आणि “तुम्ही नोकरीत काय काम करीत होता? ते मला दाखवाल का?” असे विचारावे. पुढच्या रविवारी वर्गात त्याविषयी सांगावे. शक्य झाल्यास त्यांपैकी एका आजोबांना त्यांच्या हत्यारांसह वर्गात बोलवावे.

प्रार्थनेचा विषय : ज्यांच्या हातांनी आपली घरे, शाळा व मंदिरे उभी राहिली आणि जे आज रिकाम्या हातांनी बसले आहेत, त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शेजारी उभे राहण्याची बुद्धी आपल्याला व्हावी म्हणून.