एलीयाची भाकर

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. दादा गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, आणि मंडळीतलं कुणीतरी म्हणालं की विश्वास असेल तर माणूस इतकं रडत नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं. असं बोलणाऱ्यांनी योहानाचा अकरावा अध्याय पुन्हा उघडावा. लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तेही आपल्या पवित्र शास्त्रात आहे. तुला शब्द सुचत नसतील तर तेच मोठ्याने वाच, तीच तुझी प्रार्थना समज.

पण आज मला एलीया संदेष्ट्याबद्दल लिहायचंय. 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो पळत सुटला. बैर-शेबाला चाकराला मागे ठेवलं, एकटाच रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागितलं. देव त्याला रागावला नाही, त्याने उपदेशही केला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा त्याला उठवून खायला घातलं, कारण वाट लांबची होती. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, ते त्यानंतर. आणि तिथून परत पाठवताना देवाने त्याला अलीशा हा सोबती दिला.

म्हणून बाळा, दोन वेळचं जेवण चुकवू नकोस. भूक नसली तरी चार घास खा. रात्री ठरल्या वेळी दिवा बंद कर, मोबाईल उशाशी नको. सकाळी उन्हात थोडं चालून ये. याला विश्वासाबाहेरचं काम समजू नकोस. रविवारी उपासनेला जा. गायला जमलं नाही तर मागच्या बाकावर नुसती बस, बाकीचे गातील. एलीयासारखं सोबतीला मागे ठेवून जाऊ नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला खरं काय ते सांग.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. 1919 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केलं. त्यांचं दुःख सरलं होतं म्हणून नव्हे, असं मला वाटतं. हाताला काम होतं आणि ते प्रेमाच्या माणसाचं होतं. दादाची गाण्याची वही तुझ्याकडे आहे ना? रोज एक गीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढ.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूकसुद्धा वैद्यच होता. आणि एलीयासारखा मरणाचा विचार मनात आला, तर त्याच घटकेला मला उठव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. माझा फोन लागला नाही तर 14416 वर टेली-मानसला लाव, ती सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत.

शनिवारी मी पुण्याला येते. दुपारी तुझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी थांबेन. दवाखान्यात जायचं असेल तर दोघी मिळून जाऊ, नसेल तर जेवायला जाऊ.

तुझी,
आत्या